कुंडीतल्या भाज्यांना आपोआप पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर, गॅलरीत किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये दहा ते साठ कुंड्यांत भाजी लावणाऱ्यांसाठी हे पान आहे. आकडे पुण्याच्या हवेला धरून दिले आहेत. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी एप्रिल-मेचे आकडे वाढवून घ्यावेत, मुंबई-कोकण-गोव्यातल्यांनी थोडे कमी धरावेत.

सुरुवात कुठून करू? ऑनलाइन मिळतं ते किट मागवू का?

थांबा. आधी पाणी कुठून येणार ते बघा. बहुतेक जण किटवरचा फोटो बघून खरेदी करतात आणि मग ते आपल्या नळाला जमत नाही. घरगुती बागेत तीनच परिस्थिती असतात. गच्चीवरच्या टाकीला जोडलेला नळ आहे. नळ नाही पण विजेचा प्लग आहे आणि पिंप ठेवायला जागा आहे. किंवा दोन्ही नाही. पहिल्यात टायमर आणि ठिबक (पाइपला लावलेल्या ड्रिपरमधून थेंब थेंब पाणी), दुसऱ्यात छोटा पंप आणि ठिबक, तिसऱ्यात वात, मडकं किंवा तळाशी पाणी साठवणारी कुंडी. बाकी सगळे प्रश्न यानंतरचे.

दहापेक्षा कमी कुंड्या असतील आणि तुम्ही रोज घरी असाल तर खरं सांगायचं तर झारी पुरते. झारीने पाणी घालताना पानाखालचा मावाही दिसतो.

टाकीच्या नळाला टायमर लावला, पण ड्रिपरमधून पाणीच येत नाही. टायमर खराब आहे का?

बहुधा नाही. तुमच्याकडे दाब कमी आहे. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार दाब. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कुंड्यांपेक्षा दोन-अडीच मीटर वर असतं, म्हणजे तुमच्या हातात पाव बार. याच टाकीचं पाणी तळमजल्यावर जोरात येतं, कारण तिथे चार मजल्यांची उंची मिळते. गच्चीवरच्या बागेला ती मिळत नाही.

आता टायमर दोन प्रकारचे असतात. सोलेनॉइड व्हॉल्वच्या टायमरला उघडायला स्वतःला दाब लागतो, बऱ्याचदा अर्धा बार किंवा अधिक. तो गच्चीवर टिक असा आवाज करतो आणि गप्प बसतो. दुसरा बॉल व्हॉल्वचा: त्यात छोटी मोटर नळाच्या कॉकसारखा गोळा फिरवते, त्यामुळे शून्य दाबालाही चालतो. खोक्यावर ‘० बार’ किंवा ‘ग्रॅव्हिटी फीड’ लिहिलेलं असेल तोच घ्या. दुकानदार ‘दोन्ही सारखेच’ म्हणाला तरी ऐकू नका.

ड्रिपरचंही तसंच. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग म्हणजे पीसी ड्रिपर शेतासाठी उत्तम. लांबलचक सरीच्या दोन्ही टोकांना ते सारखं पाणी देतात. पण त्यांना काम सुरू करायलाच अर्धा-एक बार लागतो. गच्चीवर साधे, नॉन-पीसी ड्रिपर घ्या.

आणि ड्रिपरवर लिहिलेला आकडा १ बारचा असतो. साध्या ड्रिपरमधून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. म्हणून पाव बारला ‘ताशी ४ लिटर’चा ड्रिपर ताशी २ लिटरच देईल. पिंप स्टुलावर ठेवून फक्त एक मीटर उंची मिळत असेल तर तोच ताशी सव्वा लिटरवर येतो. यात बिघाड काही नाही, टायमरची वेळ त्या हिशेबाने वाढवायची, इतकंच.

मग एका कुंडीला किती पाणी लागतं?

मे महिन्यात भर उन्हातली, फळांनी लगडलेली टोमॅटोची १५ इंची ग्रो बॅग (पिशवीसारखी कुंडी) दिवसाला दोन ते तीन लिटर पिते. तेच झाड डिसेंबरात पाऊण-एक लिटरवर भागवतं. मिरचीला उन्हाळ्यात एक ते दीड लिटर. वांग्याला टोमॅटोइतकंच. मेथी-कोथिंबिरीच्या दीड फुटी ट्रेला एक लिटरच्या आसपास, पण थोडं थोडं, कारण मातीच उथळ. मांडवावर चढलेला दुधी किंवा दोडका मात्र वेगळंच प्रकरण आहे. पानं मोठी, पसारा मोठा, पाच लिटरही कमी पडतात.

कुंडीचा आकार बघून पाणी ठरवू नका, वरचा पसारा बघा. पाणी उडतं ते मुख्यतः पानांतून. रोप लहान असताना लावलेला टायमर दीड महिन्यांनी अपुरा पडतो तो याच कारणाने.

हे आकडे सुरुवातीपुरते. पुढचं बोटाने ठरवा. सकाळी पाणी सुटायच्या आधी तर्जनी दोन पेरं मातीत घाला. माती बोटाला गार लागते, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि टिचकीने फुटतो, हा वाफसा. आपल्याला रोज हाच हवा आहे. गोळ्यातून पाणी निथळलं तर वेळ कमी करा, माती भुरभुर उडाली तर वाढवा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तो कुंडीत दिवसभरात येतो आणि जातो, म्हणून इथे जास्त लक्ष लागतं.

ड्रिपर खरंच किती पाणी देतोय ते कसं कळणार?

त्याच्याखाली वाटी ठेवा, १५ मिनिटं चालवा, मापाने मोजा, चारने गुणा. ओळीतला पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन ड्रिपर मोजा. पहिल्या आणि शेवटच्यात फार फरक आला तर पाइप मधोमध तोडून पाणी मधून द्या, किंवा दोन टोकं जोडून गोल करा.

स्टँडवर ठेवलेल्या कुंड्याही मोजा. एक मीटर उंचीच्या पाण्यावर चालणाऱ्या ओळीत एखादी कुंडी फूटभर वर असेल तर तिला जवळजवळ सहावा हिस्सा पाणी कमी मिळतं. नळाच्या जोरात हा फरक जाणवत नाही, पिंपावर जाणवतो.

दिवसातून किती वेळा, आणि कोणत्या वेळी?

पहाटे एकदा, ऊन चढायच्या आत. मार्च ते मे संध्याकाळी दुसऱ्यांदा. दोनच लिटर द्यायचे असतील तरी एका दमात न देता दोन हप्त्यांत दिलेले बरे, विशेषतः कोकोपीट जास्त असलेल्या मिश्रणात. थेंब एकाच जागी पडतो, पाणी सरळ खाली उतरतं, भोकातून बाहेर पडतं आणि बाजूची माती कोरडीच राहते. १५ इंचांपेक्षा मोठ्या बॅगेला म्हणूनच दोन ड्रिपर द्यावेत, खोडापासून चार बोटं लांब, समोरासमोर.

दुपारी बारा-एकला ठिबक सुरू करू नका. मे महिन्यात स्लॅबवर पडलेल्या काळ्या पाइपमधलं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापतं आणि पहिली दोन-तीन मिनिटं तेच मुळांवर पडतं.

सगळ्या झाडांना एकाच लाइनवर ठेवलं तर चालेल?

चालेल, पण तहान सारखी हवी. एकाच टायमरवर दुधी आणि पुदिना असतील तर एक सुकेल किंवा दुसरा कुजेल. सोपा तोडगा म्हणजे ड्रिपरची संख्या बदलणे: पुदिन्याला एक, टोमॅटोला दोन, दुधीला चार. वेळ सगळ्यांची तीच. दोन तोंडांचा टायमर घेऊन पालेभाज्या आणि फळभाज्या वेगळ्या केल्या तर आणखी बरं. पण दहा-पंधरा कुंड्यांसाठी एवढा खटाटोप नको.

सामान कुठून आणायचं?

शक्य असेल तर शेतीसाठी ठिबक विकणाऱ्या दुकानातून. जळगाव हे देशातल्या ठिबक उद्योगाचं मोठं केंद्र असल्यामुळे महाराष्ट्रात हे सामान जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळतं, आणि मीटरवर, नगावर सुटं मिळतं. १६ मिलिमीटरची लॅटरल (कुंड्यांच्या ओळीने जाणारा पाइप), ४ मिलिमीटरची मायक्रोट्यूब (त्यातून कुंडीत जाणारी बारीक नळी), ड्रिपर, टी, एल्बो, एंड कॅप, भोक पाडायचा पंच आणि जाळीचा फिल्टर एवढी यादी न्या. ऑनलाइन किटमधला पाइप पातळ असतो आणि एक जोड तुटला की त्याच मापाचा दुसरा मिळत नाही.

फिल्टर टाळू नका. १२० मेशचा छोटा स्क्रीन फिल्टर पुरतो. आपल्या टाक्यांच्या तळाशी जो गाळ बसलेला असतो तो टाकी धुतल्यावर पहिल्यांदा ड्रिपरमध्येच येतो.

पाइप काळाच घ्या. पारदर्शक नळीत उजेड गेला की महिनाभरात हिरवं शेवाळ धरतं.

नळ नाही, पण गॅलरीत प्लग आहे. पंप कोणता?

कूलरमध्ये वापरतात तो १८ वॅटचा पाण्यात बुडवायचा पंप. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. पाच-सहा फूट वर पाणी उचलतो, त्यामुळे गॅलरीतल्या पंधरा-वीस कुंड्यांना पुरतो. पिंपावर झाकण हवंच. पंप पिंपाच्या तळाला न टेकवता विटेवर ठेवा म्हणजे गाळ ओढणार नाही. पाणी संपल्यावर पंप कोरडा फिरला तर जळतो, म्हणून वेळ अशी लावा की पिंप कधी पूर्ण रिकामं होणार नाही.

आता खरी मेख. पंप बंद झाला तरी पाणी थांबत नाही, असं अनेकांना सकाळी उठल्यावर कळतं: पिंप रिकामं, खालच्या मजल्यावरच्या काकू दारात. कारण वक्रनळी, म्हणजे सायफन. पिंपातल्या पाण्याची पातळी ड्रिपरपेक्षा वर असेल तर एकदा भरलेला पाइप पंपाशिवायही पाणी ओढत राहतो. उपाय दोन. पिंप जमिनीवर आणि कुंड्या स्टँडवर ठेवा, म्हणजे पातळी खालीच राहील. ते जमत नसेल तर पंपातून वर जाणाऱ्या पाइपला पिंपाच्या आतच, पाण्याच्या पातळीच्या वर, सुईने एक बारीक छिद्र पाडा. पंप चालू असताना तिथून एक छोटी धार पिंपातच पडेल. पंप थांबला की त्याच छिद्रातून हवा शिरेल आणि सायफन तुटेल.

वायरचं बघा. प्लग पिंपापेक्षा उंचावर हवा, वायरला खाली झोल देऊन मग वर न्या म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी ते बसवून घ्या, मग पंप. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही.

लाइट गेली तर?

प्लगमध्ये बसणारा दाते-पिनांचा यांत्रिक टायमर असेल तर लाइट जाईल तेवढा वेळ त्याचं घड्याळ थांबतं. आठवड्यात चार तास लाइट गेली तर पहाटे सहाचं पाणी दहाला सुटेल. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. नेमक्या पाण्याच्या वेळी वीज गेली तर मात्र तोही काही करू शकत नाही. म्हणून उन्हाळ्यात दिवसातून दोन वेळा लावणं इथेही उपयोगी.

नळावरचे टायमर सेलवर चालतात, त्यांना विजेचं सोयरसुतक नाही. पण व्हॉल्व उघडा असताना सेल संपला तर तो उघडाच राहू शकतो. अल्कलाइन सेल वापरा आणि गावाला जाण्यापूर्वी नवे घाला, जुने कितीही चांगले वाटले तरी.

महापालिकेच्या थेट लाइनला टायमर जोडू नका. पुण्यात बऱ्याचदा देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद असतं. त्या दिवशी टायमर उघडतो, हवा सोडतो आणि कर्तव्य पार पाडल्यासारखा बंद होतो. पाणी नेहमी साठवलेल्या टाकीतून घ्या.

नळ नाही, प्लगही नाही. वातीने भाज्या जगतील?

वात म्हणजे भांड्यातलं पाणी कुंडीतल्या मातीत ओढणारी दोरी. तिच्यावर पालेभाज्या, मिरची, पुदिना, गवती चहा हे जगतात. फळांनी भरलेला टोमॅटो मे महिन्यात जगणार नाही, वात तेवढं पाणी वेगाने ओढू शकत नाही.

पेटिकोटची सुती नाडी पहिले काही आठवडे छान ओढते आणि मग मातीत कुजते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची सैल विणलेली दोरी, जुन्या अॅक्रिलिक स्वेटरची लोकर किंवा सिंथेटिक साडीच्या पिळलेल्या पट्ट्या टिकतात. गुळगुळीत घट्ट पीळ असलेली दोरी पाणी चढवत नाही. आधी एक टोक पाण्यात, दुसरं बाहेर लोंबतं ठेवून तासाभरात ओलं होतं का ते बघा. वात मातीत घालण्यापूर्वी पूर्ण भिजवायची, आणि पहिलं पाणी वरून द्यायचं. कोरडी माती कोरड्या वातीतून पाणी घेत नाही. पाण्याचं भांडं कुंडीच्या शक्य तितकं जवळ ठेवा. वात जितकी लांब, तितकी निष्प्रभ.

तळाशी पाणी साठवणारी कुंडी घरी करता येते का?

येते, आणि माझ्या मते गॅलरीसाठी यापेक्षा चांगलं काही नाही. ना वीज, ना टायमर.

रंगाची २० लिटरची स्वच्छ धुतलेली बादली घ्या. खाण्याचं पीक आहे, म्हणून डिस्टेंपरची चालेल, रसायनाची किंवा ऑइल पेंटची नको. तळापासून पाच इंचांवर बाजूला एक भोक पाडा. ते जादा पाणी बाहेर जाण्यासाठी, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच. आत तळाशी पाच इंच उंचीची पोकळी तयार करायची: उपडी ठेवलेली भोकाभोकांची प्लास्टिकची टोपली, किंवा पीव्हीसी पाइपचे उभे तुकडे आणि त्यावर जाळी. टोपलीच्या मधोमध भोक पाडून त्यात एक छोटा भोकं पाडलेला डबा बसवा, तो तळापर्यंत पोचेल असा. या डब्यात मिश्रण ठासून भरा. पाणी याच खांबातून वर चढणार. कडेने एक इंची पीव्हीसी पाइप उभा करून तळापर्यंत सोडा, पाणी त्यातून भरायचं. वर मिश्रण भरा, रोप लावा, पहिल्या दिवशी वरूनही भिजवा.

मिश्रणात नुसती माती चालत नाही. काळी माती तर अजिबात नाही, तळाशी चिखल होतो आणि मुळं गुदमरतात. निम्म्याहून जास्त कोकोपीट, बाकी शेणखत किंवा गांडूळखत, थोडी जाड वाळू. अशा बादलीत पाच-सहा लिटर पाणी मावतं, म्हणजे उन्हाळ्यात टोमॅटोला दोन-तीन दिवस, हिवाळ्यात आठवडाभर.

पाणी खालून वर येतं, तसे क्षारही वर येतात. महिन्या-दोन महिन्यांनी मातीवर पांढरा थर दिसला की तो खरवडून टाका आणि एकदा वरून भरपूर पाणी ओतून बाजूच्या भोकातून वाहू द्या. गॅलरीच्या फरशीचा विचार करून.

यात डास होणार नाहीत का?

झाकलं नाही तर नक्की होतील. डेंग्यू-चिकनगुनियाचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. भरायच्या पाइपला टोपण, बाजूच्या भोकाला बारीक नायलॉन जाळी, पिंपाला घट्ट झाकण. कुंडीखालच्या ताटल्या सगळ्यात धोकादायक, कारण त्या कोणी मोजतच नाही. आठवड्यातून एक दिवस ताटल्या रिकाम्या करून घासा. एडिसची अंडी काठाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. मोठ्या उघड्या पिंपात गप्पी मासे सोडता येतात, बऱ्याच ठिकाणी पालिकेच्या हिवताप विभागाकडे मिळतात.

मडकं पुरायची पद्धत कुंडीत चालते?

१८ इंची किंवा त्याहून मोठ्या बॅगेत चालते. न रंगवलेलं, चकाकी नसलेलं लिटर-दीड लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, तोंडावर झाकणी. माती कोरडी होत गेली की पाणी झिरपतं, ओली असली की झिरपणं मंदावतं, त्यामुळे हिशेब मडकंच करतं. १२ इंची कुंडीत मडकं पुरलं तर झाडाला जागाच उरत नाही. बोअरच्या जड पाण्याने एखाद्या हंगामात छिद्रं बुजतात. मग मडकं काढून रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात ठेवायचं.

सलाइनच्या बाटलीचा जुगाड कसा आहे?

दोन-चार दिवसांसाठी ठीक. दवाखान्यातला वापरलेला सेट मात्र कधीही आणू नका, तो जैववैद्यकीय कचरा आहे. औषधाच्या दुकानात नवा सेट स्वस्तात मिळतो. साध्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला ३० थेंब सोडले तर लिटरची बाटली अकरा तासांत रिकामी. चार दिवस पुरवायची असेल तर मिनिटाला तीन-चार थेंब सोडावे लागतात, आणि इतक्या मंद गतीला चाकाचा चिमटा स्थिर राहत नाही. बाटली रिकामी होते तशी गतीही कमी होते. बाटलीला वर हवेचं छिद्र ठेवायला विसरू नका.

पावसाळ्यात बंदच ठेवायचं ना?

उघड्या गच्चीवर जून ते सप्टेंबर टायमर बंद. पण सज्जाखालच्या, ग्रिलमधल्या कुंड्या धो-धो पावसातही कोरड्या असतात आणि त्या पाण्यावाचून मरतात ऐन जुलैत, कारण बाहेर पाऊस दिसतोय म्हणून कोणी बघत नाही. त्यांची लाइन वेगळी ठेवा.

ऑगस्टमध्ये पावसाने आठवडाभर ओढ दिली तर १२ इंची कुंडीला तिसऱ्या दिवशी पाणी लागतं. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी टायमर पूर्ण बंद न करता एक दिवसाआड दहा मिनिटांवर ठेवावा. पाणी निचऱ्याची भोकं मोकळी असतील तर जास्त पाण्याने बिघडत नाही. ती मोकळी आहेत का, ते मात्र मे महिन्यातच बघा.

नियमित पाणी सुटतंय, तरी टोमॅटोची बुडं काळी पडतात. का?

फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही. तो पाण्याबरोबर प्रवास करतो आणि पानं जास्त पाणी ओढत असल्यामुळे फळाच्या वाट्याला कमी येतो. माती एकदा खडखडीत आणि एकदा तुडुंब होत असेल तर हे हमखास होतं. टायमर नियमित असला तरी दोन पाळ्यांमधलं अंतर जास्त असेल, किंवा कुंडी लहान असेल, तर दुपारी माती सुकतेच. पाणी तेवढंच ठेवून पाळ्या वाढवा आणि वर दोन-तीन इंच आच्छादन घाला: उसाची चिपाडं, नारळाच्या शेंड्या, वाळलेला पाला. अंड्याच्या टरफलांचा चुरा घालून या हंगामातली फळं सुधारत नाहीत, तो विरघळायला फार वेळ लागतो.

लाल झालेली फळं तडकत असतील तर तेही अनियमित पाण्याचंच.

ड्रिपरवर पांढरे थर जमतात.

बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार. ड्रिपर काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर टाका. महिन्यातून एकदा लॅटरलची एंड कॅप उघडून पाणी जोरात वाहू द्या. उघडता येणारे ड्रिपर घ्या, हे खरेदीच्या वेळीच आठवायला हवं.

आरओचं फेकलं जाणारं पाणी आणि एसीचं पाणी वापरू का?

आरओच्या नाकारलेल्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार अधिक दाट होऊन येतात. मूळ पाणी पालिकेचं, गोड असेल तर साध्या पाण्यात निम्मं मिसळून चालतं. बोअरचं असेल तर त्याने फरशी पुसा. एसीच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळे ड्रिपर बुजत नाहीत, पण खायच्या भाजीला देताना साठवून ठेवू नका, त्याच दिवशी मिसळून वापरा.

ठिबकमधून खत सोडता येईल?

१९:१९:१९ सारखं पाण्यात पूर्ण विरघळणारं खत येईल, खतानंतर पाच मिनिटं साधं पाणी सोडायच्या बोलीवर. जीवामृत, शेणाची रबडी, खरकट्याचं आंबवलेलं पाणी नको. कितीही गाळलं तरी ड्रिपर बुजतातच. ते झारीने घाला.

मोबाइलवरून चालणारं, सेन्सरवालं घ्यावं का?

हौस असेल तर घ्या. गच्चीवर वायफाय पोचतं का ते आधी बघा. ही यंत्रं बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. वेळापत्रक यंत्रातच साठवलं जातं का, हेही विचारा, नाहीतर राउटर बंद म्हणजे पाणी बंद.

मातीत खुपसायचे दोन उघड्या धातूच्या काट्यांचे स्वस्त सेन्सर काही आठवड्यांत गंजतात आणि ओल्या मातीला कोरडी म्हणू लागतात. कपॅसिटिव्ह सेन्सर (ज्याचा धातू उघडा नसतो) टिकतो, मात्र वरची इलेक्ट्रॉनिक बाजू पाण्यापासून झाकावी लागते. स्वतः बोर्ड जोडून करणाऱ्यांनी प्रोग्रॅममध्ये एक गोष्ट घालावीच: सेन्सर काहीही म्हणो, पंप एका वेळी ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त चालणार नाही. आणि एकाच कुंडीतला सेन्सर वीस कुंड्यांचा निर्णय घेतोय, हे विसरू नका. तो सगळ्यात तहानलेल्या झाडात ठेवायचा.

मे महिन्यात दहा दिवस गावाला जायचंय. काय करू?

आधी हिशेब. वीस मध्यम कुंड्यांना सरासरी दोन लिटर धरले तर दिवसाला ४० लिटर, दहा दिवसांचे ४००. २०० लिटरचं पिंप पाच दिवसांत संपतं. म्हणून नळावरची व्यवस्था नसेल तर आधी मागणी कमी करा. सगळ्या कुंड्या पूर्वेकडच्या किंवा सावलीच्या बाजूला एकमेकींना चिकटवून ठेवा, वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी लावा, जाड आच्छादन घाला, तयार फळं आणि फोफावलेले शेंडे काढून टाका. पाण्याची गरज जवळजवळ निम्म्यावर येते. मेथी-कोथिंबीर उपटून खाऊन टाका, दहा दिवसांनी ती तशीही फुलावर येणार.

व्यवस्था निघायच्या आदल्या दिवशी बसवू नका. निदान आठवडाभर तुम्ही घरी असताना, झारीला हात न लावता चालवून बघा. काय सुटतं, काय गळतं, कोण कोमेजतं ते तेव्हाच कळतं. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवणार असाल तर त्यांना ‘झाडांना पाणी घाला’ असं न सांगता ‘पिंप भरा आणि शेवटच्या कुंडीत थेंब पडतोय का बघा’ एवढंच सांगा. पहिल्या सूचनेनंतर बऱ्याचदा रोज बादलीभर पाणी ओतलं जातं आणि झाडं कुजतात.

पिंप गच्चीवर ठेवलं तर सोसायटी हरकत घेईल का?

घेऊ शकते, आणि एका बाबतीत तिचं बरोबर आहे. वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. भरलेलं २०० लिटरचं पिंप चौरस मीटरच्या पावभर जागेत २०० किलोहून जास्त वजन टेकवतं. ते स्लॅबच्या मधोमध कधीच नको. खाली तुळई किंवा कॉलम असेल तिथे, पाट्या टाकून. जुन्या इमारतीत आधी इंजिनिअरला विचारा. कुंड्यांखाली विटा किंवा स्टँड ठेवा म्हणजे पाणी साचून वॉटरप्रूफिंग खराब होणार नाही. लेखी परवानगी आधीच घेतलेली बरी, गळती कुठूनही झाली तरी नाव तुमच्या कुंड्यांचंच येतं.

खारी मायक्रोट्यूब कुरतडतात. औषध आहे का?

औषध नको. बऱ्याचदा त्या तहानेने येतात. बाजूला उथळ परातीत पाणी ठेवून बघा, रोज बदलायचं. तरी थांबल्या नाहीत तर ४ मिलिमीटरची नळी जुन्या १६ मिलिमीटरच्या लॅटरलच्या तुकड्यातून ओवून घ्या. कावळे मात्र ड्रिपरच उपटून नेतात; त्यांच्यासाठी ड्रिपर आच्छादनाखाली दाबा आणि महिन्यातून एकदा उकरून तपासा.